पहिली चार अक्षरं

भिंतीवर लावलेल्या कागदावर माझं स्वतःचं अक्षर दिसलं तेव्हा आधी मला अभिमान वाटला, हे कबूल करते. सोमवारी सकाळी गाडीच्या नोंदणीसाठी मी कौंटीच्या कचेरीत गेले होते. तिथे जिन्याजवळ काचेचं एक कपाट आहे, त्यात सूचना लावतात. कुणाच्या घराचा लिलाव, कुठला पूल दुरुस्तीसाठी बंद, असलं काहीबाही. त्यात सह्यांची एक लांब यादी होती आणि सगळ्यात वर, निळ्या शाईत, ओलेटा स्कॅग्ज. मोठं, उजवीकडे कललेलं, शेपट्या ओळीखाली लोंबणारं. गर्दीत आपलं मूल पाठमोरं असलं तरी कळतं, तसं ते नाव मला दारातूनच कळलं. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षापर्यंत मी सही म्हणून जे काढत होते ते चित्र होतं, नवऱ्यानं एकदा काढून दिलेलं आणि मी पाठ केलेलं. हे चित्र नव्हतं. यातलं प्रत्येक अक्षर मला वेगळं माहीत होतं. मी जवळ गेले, यादीचं शीर्षक वाचलं, मग चष्मा पुसून, काचेवर बोट ठेवून पुन्हा वाचलं, आणि बोट पहिल्याच शब्दाशी थांबलं. आमच्या टर्ली शहरात व्यसनावरच्या उपचारांचं केंद्र उघडायला विरोध करणारा तो अर्ज होता, आणि विरोध करणाऱ्यांत पहिली मी होते.

इंग्रजीत विरोधाला ऑपोझिशन म्हणतात आणि संधीला ऑपॉर्च्युनिटी. लिहिताना दोन्ही शब्दांची पहिली चार अक्षरं एकच, आणि पुढे दोघांचीही लांबण सारखीच. संधी हा शब्द मला फार दिवसांपासून येत होता, कारण ग्रंथालयाच्या तळघरात, जिथे मी वाचायला शिकले, तिथे तो भिंतीवर वीतभर अक्षरांत रंगवला होता. शिकवणाऱ्या मिसेस हेल मला नेहमी रागवायच्या, “ओलेटा, तू शब्दाचं डोकं बघतेस आणि शेपूट पदरचं लावतेस.” मी म्हणायचे, बाई, माझं वय बघा, मला सगळ्यांची शेपटं बघायला वेळ नाही. त्या हसायच्या आणि पुन्हा वाचायला लावायच्या. आता त्या नाहीत. काचेसमोर उभी राहून मी त्या शब्दाचं शेपूट एकेक अक्षर करत वाचलं.

दोन आठवड्यांपूर्वीचा रविवार. चर्चच्या सभागृहात जेवणं आटोपली होती, राजमा आणि मक्याचा पाव, आणि मी भांड्यांच्या पाण्यात कोपरापर्यंत बुडालेली. वाँडा प्रॅटर, माझी चाळीस वर्षांची मैत्रीण, चिमट्याच्या फळीला लावलेला कागद घेऊन आली. “अगं, ते उपचार केंद्राचं आहे,” ती म्हणाली. “पहिली सही तुझीच हवी. तुझ्याइतकं सोसलंय कोणी?” मी हात पुसले. वाँडाच्या मागे आणखी सहा-सात बायका उभ्या होत्या, पेनं काढून, गप्पा मारत. खरं म्हणजे मी बसायला हवं होतं, बोट ठेवून ओळ न् ओळ वाचायला हवी होती. पण बोट ठेवून वाचणारी बाई त्यांना दिसली असती. म्हणून मी बाकीच्या बायका करतात तसं केलं. डोळे वरून खाली झरकन फिरवले, ‘हं’ म्हटलं आणि सही केली. वाँडानं मला फसवलं असं मी म्हणणार नाही. तिचा भाचा दुखण्यावरच्या गोळ्यांच्या नशेनं गेला, पुढे तिची बहीण त्या दुःखात गेली, आणि औषधानं व्यसन सुटतं यावर तिचा काडीचा विश्वास नाही. मीही तिच्यासारखीच पोळलेली, म्हणून मीही तिच्या बाजूची, असं तिला वाटलं. तसं वाटायला तिच्याकडे कारण होतं, आणि ते कारण मीच दिलं होतं. तिथे जिन्याजवळ मला ते आठवलं.

कारण गेल्या नोव्हेंबरात माझी मुलगी मिस्टी पहिल्यांदा मेथाडोन, म्हणजे गोळ्यांचं व्यसन सोडवायचं औषध, घेऊन आली तेव्हा मी वाँडाच्याच स्वयंपाकघरात बसून म्हणाले होते, “एक बाटली गेली, दुसरी आली.” आणि घरी जाऊन तेच मिस्टीच्या तोंडावर म्हणाले होते. ती बुटाच्या नाड्या सोडत होती. तिनं मान वर केली नाही. त्यानंतरचे दहा महिने मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. तिच्या अंगावर मांस चढलं. तिला पुन्हा झोप लागायला लागली, आणि एक दिवस ती भाजी चिरताना गुणगुणत होती, मी दाराआड उभी राहून ऐकलं. दुकानात सँडविचच्या काउंटरवर तिला काम मिळालं. माझं मत बदललं होतं, पण बदललेलं मत मी तिला कधी सांगितलं नव्हतं. ते तिला दिसतच असेल असं मी धरून चालले होते. आणि गुरुवारपासून, म्हणजे चार दिवस, माझ्या घरात काहीतरी बिघडलं होतं ते मला आता उलगडलं. औषध घ्यायला ती रोज पहाटे चौसष्ट मैल जाते. फक्त रविवारी तिथे बंद असतं म्हणून शनिवारी रविवारची मात्रा घरी देतात, कुलूपबंद पेटीत. ती पेटी माझ्या स्वयंपाकघराच्या फळीवर असायची, पिठाच्या डब्याशेजारी. गुरुवारी ती तिथून गेली. मी विचारलं तेव्हा मिस्टी म्हणाली, “माझ्या खोलीत बरी.” तेव्हापासून ती जेवणही मोरीशी उभ्या उभ्याच उरकत होती. माझ्या सहीचं गावानं तिला सांगितलं होतं. मी घरातली, मलाच माहीत नव्हतं.

नोंदणीच्या खिडकीत टेरी होता. शाळेच्या स्वयंपाकघरात मी तीस वर्षं राबले, टर्लीतल्या चाळिशीतल्या बहुतेक माणसांना मी ताटावरून ओळखते. टेरी गाजरं खिशात घालून न्यायचा, सशासाठी. मी म्हटलं, “टेरी, त्या कागदावरचं माझं नाव काढायचंय.”

“दाखल झालेला कागद आहे तो, ओलेटाबाई. असा खोडता येत नाही.” मग इकडे तिकडे पाहून आवाज खाली आणला. “एक वाट आहे. प्रतिज्ञापत्र. नमुना तयारच असतो. ‘मला वाचता येत नसल्यामुळे मजकूर न समजता सही केली.’ खाली सही करा, आजच्या आज नाव निघेल. कुणी काही म्हणणार नाही.”

त्यानं तो छापील कागद सरकवला. बिचारा चांगलंच करायला बघत होता. मी कागद वाचला, बोट ठेवून, त्याच्यासमोर, सगळा. वाचता येत नसल्यामुळे. हे वाक्य माझ्या आयुष्यात त्रेसष्ट वर्षं खरं होतं आणि ते मी एकदाही कुणाला उच्चारू दिलं नव्हतं. शाळेत मी डबे चित्रांवरून ओळखायचे. एका वर्षी पुरवठादार बदलला, नव्या डब्यांवर चित्रं नव्हती, आणि तीनशे पोरांना मी पीचच्या फोडी म्हणून भोपळ्याचा गर वाढला. मुख्याध्यापक धावत आले. मी कमरेवर हात ठेवून म्हणाले, शरद ऋतूचा खास बेत आहे. पुढच्या वर्षी मुलांनी तो मागून घेतला. अशी मी निभावलेली बाई. आणि मग मिस्टीच्या गोळ्या आल्या. वृद्धाश्रमात एका जड म्हाताऱ्याला उचलताना तिची पाठ भरली, डॉक्टरांनी बाटली दिली, ती अंथरुणाला खिळलेली, आणि गोळ्या मी देत होते. “आई, दुखतंय.” मी देत होते. “आई, अजून.” बाटलीवर काय छापलंय ते मी तिला विचारलं नाही, तीही बोलली नाही, वेदना होती आणि मी आई होते. वर्षभरानं, सगळं हाताबाहेर गेल्यावर, ती रिकामी बाटली मला एका खणात सापडली. ती घेऊन मी ग्रंथालयाच्या तळघरात गेले आणि मिसेस हेलना म्हणाले, मला हे वाचायला शिकवा. अकरा आठवडे लागले. दिवसातून दोनदाच, असं लिहिलं होतं.

मी टेरीचा कागद परत सरकवला. “हे खोटं आहे,” मी म्हणाले. “मला वाचता येतं. मी चुकीचं वाचलं.”

“ओलेटाबाई, फरक काय पडतो?”

“बाळा, तुला सहा वर्षांचा असताना वाचता आलं म्हणून तू असं विचारतोस.”

तेव्हा त्यानं सांगितलं, मग गुरुवारी कौंटीचा कारभार बघणाऱ्या आयुक्तांच्या सभेत बोला, बोलणाऱ्यांच्या यादीत नाव घाला, तीन मिनिटं मिळतात. मी नाव घातलं. बाहेर आले, पायऱ्यांवर बसले, नदीवरून कोळशाची लांब बोट खाली चालली होती. आणि तिथे ती शंका माझ्याजवळ येऊन बसली. ती अजून उठलेली नाही. मी खरंच चुकून वाचलं का? डोळे झरकन फिरवताना त्यांना तो शब्द खरा दिसला नसेल कशावरून? माझ्यातल्या कुणीतरी, वाँडाच्या स्वयंपाकघरात बसून बाटलीबद्दल बोलणाऱ्या त्या बाईनं, तो बरोबर वाचला असेल आणि मला न सांगता सही केली असेल. मी केंद्राची बाजू घेते ते दिवसा, शहाण्या डोक्यानं. पण मिस्टी औषध पिते तेव्हा माझी नजर अजून दुसरीकडे जाते. हाताला काय वाटतं हे डोक्याला कळतंच असं नाही. मी हाताकडे बघत बसले. त्यावर भाजल्याचे जुने डाग, नखांत कांदा. मग मला राग आला, सगळ्यांचा, त्या शब्दाचा, माझा, आणि तो राग मला बरा वाटला. शंका असेल तर असू दे, मी म्हटलं. शंका घेऊनही माणूस उभा राहून बोलू शकतो.

त्या संध्याकाळी मिस्टीला सांगायला गेले. ती दुकानाचा अंगरखा चढवत होती.

“त्या कागदावरची सही—”

“माहितीये. अख्ख्या गावाला माहितीये.”

“माझ्याकडून चुकून झालं, मिस्टी.”

“तुझ्याकडून चुकून काही होत नाही, आई. भोपळासुद्धा तू खास बेत म्हणून खपवलास.” आणि ती कामावर गेली. दार आपटलं नाही तिनं. हळू लावलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

तिच्या दृष्टीनं काय पणाला लागलं होतं ते मला ठाऊक होतं. तिला चौसष्ट मैलांवर औषधाला नेणारी गाडी नदीपलीकडचं एक चर्च चालवत होतं. महिनाअखेर ती बंद होणार होती, ड्रायव्हर मिळत नव्हता. मिस्टीचा गाडी चालवायचा परवाना तीन वर्षांपूर्वी गेलेला. गाडी थांबली की औषध थांबणार, आणि औषध थांबल्यावर काय होतं ते मी एकदा न्हाणीघराच्या फरशीवर पाहिलंय. आरोग्य खात्यातली नर्स कॉरीन दोन वर्षं या केंद्राच्या सरकारी अनुदानासाठी अर्ज लिहीत होती. तीनदा नाकारला, चौथ्यांदा मिळालं. पैसा वरून मंजूर झाला होता. आता तीन आयुक्तांनी फक्त तो स्वीकारायचा होता, शुक्रवारपर्यंत. मी कॉरीनकडे जाऊन ते मंजुरीचं पत्र मागून आणलं आणि बुधवार सगळा ते वाचण्यात घालवला. प्रत्येक शब्दाच्या शेपटापर्यंत.

गुरुवारी सभेत घडीच्या खुर्च्या कमी पडल्या. समोर टेबलामागे तिघं: अध्यक्ष रँडल क्रॅबट्री, लोवेल, आणि सिनसिनाटीहून इथे सून म्हणून आलेली व्हर्ना. पहिली वाँडा बोलली. चांगलं बोलली. म्हणाली, एका नशेच्या जागी दुसरी नशा सरकारी पैशानं विकत आणायची आणि तीही शाळेपासून दोन गल्ल्यांवर. माझ्या भाच्याच्या थडग्यावर उभी राहून मी याला हो म्हणू शकत नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मलाही तिच्यासाठी गलबलून आलं. मग रँडल म्हणाला, “विषय नाजूक आहे. घाई नको. पुढच्या महिन्यात घेऊ.” आणि लोवेलनं लगेच मान हलवली. मी उभी राहिले.

“रँडल, माझं नाव यादीत आहे.”

“हो, ओलेटाबाई. बोला. तीन मिनिटं.”

“पहिल्यांदा, पुढचा महिना म्हणजे नाही. या पत्रात चौथ्या पानावर शुक्रवार लिहिलाय. उद्याचा. उद्यानंतर हा पैसा दुसऱ्या कौंटीला जाईल. तुला हे माहीत आहे, कारण पत्र तुझ्या नावानं आलंय. नाही म्हणायचं तर तोंडानं नाही म्हण. चौथीत वाटाणे दुधाच्या रिकाम्या खोक्यात लपवून ‘संपवले’ म्हणायचास, तसं करू नकोस.”

हशा पिकला. रँडलचे कान लाल झाले. पुढचं मी कसं बोलले ते मला नीट आठवत नाही. मी म्हणाले, त्या अर्जावर पहिली सही माझी आहे. मला कुणी फसवलं नाही. मी त्रेसष्टाव्या वर्षी वाचायला शिकले, आणि विरोध हा शब्द मी संधी असा वाचला, कारण बोट ठेवून वाचायची मला लाज वाटली. मला सांगितलं गेलं, वाचता येत नाही असं लिहून दे. मी देणार नाही. मला वाचता येत नव्हतं तेव्हा मी माझ्या मुलीला बाटलीवर लिहिलेल्यापेक्षा दुप्पट गोळ्या दिल्या, माझ्या हातानं, मायेनं. तेव्हाचं प्रतिज्ञापत्र माझ्याकडे कुणी मागितलं नाही, ते मी आज देते. इथेच, तोंडी. माझ्या मुलीला नशा करायला चौसष्ट मैल जावं लागलं नव्हतं. ती घरपोच मिळत होती. बरं व्हायलाच तेवढे मैल का?

घंटा वाजली. टेरीच वाजवत होता, मान खाली घालून.

“वेळ झाली, ओलेटाबाई,” रँडल म्हणाला.

“माझं झालं नाही.”

“नियम आहे.”

“मग माणसं बोलवून मला बाहेर काढ.”

तेवढ्यात डावीकडून खुर्ची करकरली. वाँडा. “माझं बोलून उरलेलं एक मिनिट तिला द्या,” ती म्हणाली. “मी तिच्या विरोधात आहे आणि राहीन. पण ती बोलेल.” मग माझ्याकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशी कुजबुजली, “आणि मला विचारायचं होतंस, बये. मी तुला तो कागद मोठ्यानं वाचून दाखवला असता.”

त्या मिनिटात मला काही सुचलं नाही. म्हणून मी नुसती उभी राहिले. एक मिनिट फार मोठं असतं. कुणीतरी खोकलं, खिडकीवरचा पंखा फिरत होता, आणि मी रँडलकडे बघत राहिले, तो माझ्याकडे, आणि कुणाचीच नजर आधी हटेना. मग तो खोलीच्या मागच्या बाजूला बघत म्हणाला, “मिस्टी आलीय का?” ती आणि तो एका वर्गात होते.

ती दाराला टेकून उभी होती, दुकानाचा अंगरखा तसाच, केसांवर जाळी. ती आलीय हे मला माहीत नव्हतं. “आलेय,” ती म्हणाली. “आणि मला सातला काउंटरवर परत जायचंय, रँडल. तुझं काय ते लवकर ठरव.”

व्हर्ना हो म्हणाली. लोवेल नाही म्हणाला. रँडलनं चष्मा काढला, डोळे चोळले आणि टेबलाकडे बघत म्हणाला, “हो.” इतकं हळू, की टेरीनं पुन्हा विचारलं. “हो म्हटलं ना!” तो खेकसला. कॉरीन फाइल छातीशी धरून रडायला लागली. टाळ्या फार वाजल्या नाहीत. चर्चमधल्या दोन बायका माझ्याजवळून न बोलता गेल्या, पुढेही त्या बोलणार नाहीत. वाँडा पर्स शोधत बसली होती, मी तिच्यापर्यंत पोचेपर्यंत ती निघून गेली होती.

मिस्टीला दुकानापर्यंत मीच सोडलं. केंद्र उघडायला वसंत उजाडणार होता, कॉरीननं बाहेर सांगितलं होतं: जागा, डॉक्टर, परवाने. आणि चर्चची गाडी अकरा दिवसांत बंद. सिग्नलशी थांबलो तेव्हा मी म्हणाले, “वसंतापर्यंत मी नेईन तुला.”

“तू चौऱ्याहत्तरची आहेस.”

“तीस वर्षं मी पहाटे चारला भट्टी पेटवलीय.”

“बर्फ पडेल, आई. त्या घाटात ट्रक घसरतात.”

“घसरू देत. आपण त्यांच्या बाजूनं जाऊ.”

ती खिडकीबाहेर बघत होती. दिवा हिरवा झाला, मागच्यानं भोंगा वाजवला, मी गाडी तशीच उभी ठेवली. “खरं सांग,” ती म्हणाली. “ती सही. खरंच चुकून केलीस?”

मागचा माणूस आता हात भोंग्यावरच ठेवून बसला होता. मला खोटं सुचत होतं, तोंडात आलंही होतं. “अर्धी,” मी म्हणाले. “अर्धी चुकून. उरलेल्या अर्ध्याचं मला कळत नाही.”

मी गाडी पुढे काढली. दुकान आलं. तिनं दार उघडलं, एक पाय बाहेर ठेवला, केसांची जाळी नीट केली. “पहाटे साडेतीनला निघायचं,” ती म्हणाली. “तुला उशीर झाला तर मी थांबणार नाही, चालत जाईन. आणि गाडीत ती चर्चची भजनं लावायची नाहीत. चौसष्ट मैल मी ती ऐकणार नाही.”

“लावणार,” मी म्हणाले.